आयसोटोप टिकणारा की फुटणारा? कागद, पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर घेऊन ओळखायची पद्धत

बारावीला किंवा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला बहुतेकांच्या वहीत एकच ओळ असते, न्यूट्रॉन भागिले प्रोटॉन दीडच्या वर गेलं की आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचा, पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेला अणू) अनस्टेबल, आणि पेपरात तेवढंच लिहून येतात. ही ओळ धड खोटी पण नाही आणि तिच्या भरवशावर काही ओळखताही येत नाही. शिसं-२०८ मध्ये हे गुणोत्तर १.५४ आहे आणि तो ठणठणीत आहे, फ्लोरीन-१८ मध्ये बरोब्बर १ आहे आणि तो ११० मिनिटांत निम्मा उरतो. म्हणून जरा नीट, पायरीपायरीने करूया. गणित भागाकार-गुणाकाराच्या पुढे जाणार नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. इथे दोन प्रश्न आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. पहिला, हा अणू फुटू शकतो का? दुसरा, फुटायला किती वेळ लावेल? पहिल्याचं उत्तर निव्वळ वजनावर आहे. फुटून जे तयार होणार त्या सगळ्याचं मिळून वस्तुमान मूळ अणूपेक्षा कमी असेल तर फुटायची परवानगी आहे, जास्त असेल तर नाही, विषय संपला. जे वजन कमी भरतं ते ऊर्जा होऊन बाहेर पडतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरतं, त्याकडे शेवटी येतो.

याचं सगळ्यात छोटं उदाहरण न्यूट्रॉनचंच आहे. एकटा मोकळा न्यूट्रॉन साधारण दहा मिनिटांच्या हाफ लाइफने (म्हणजे तेवढ्या वेळात निम्मे उरतात) फुटतो आणि प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, अँटीन्यूट्रिनो होतो, कारण तो या तिघांपेक्षा ०.७८ एमईव्हीने जड आहे. (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, अणूच्या गाभ्यातले हिशेब यातच करतात.) तोच न्यूट्रॉन ड्युटेरियममध्ये एका प्रोटॉनला चिकटून बसला की फुटत नाही. का? तर ती जोडी २.२२ एमईव्हीने बांधलेली आहे, आणि न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला तर मागे दोन प्रोटॉन उरतात जे एकमेकांना धरून राहूच शकत नाहीत. म्हणजे ०.७८ कमवायला २.२२ घालवायचे. असा आतबट्ट्याचा व्यवहार निसर्ग करत नाही. तेव्हा न्यूट्रॉन अनस्टेबल असतो का, या प्रश्नाला अर्थ नाही, तो कुठे बसलाय ते विचारायचं.

पायरी १: मोजणी

नावातला आकडा म्हणजे वस्तुमानांक, प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन. आवर्तसारणीतून अणुअंक घ्या, वजा करा, न्यूट्रॉन आले. कोबाल्ट-६०, अणुअंक २७, म्हणजे न्यूट्रॉन ३३. पोटॅशियम-४०, अणुअंक १९, न्यूट्रॉन २१. एवढंच. फक्त आवर्तसारणीत खाली लिहिलेला दशांशातला आकडा वस्तुमानांक म्हणून घेऊ नका, ती सगळ्या आयसोटोपची सरासरी असते. क्लोरीनच्या ३५.४५ वरून न्यूट्रॉन साडेअठरा काढणारी मुलं दरवर्षी भेटतात.

पायरी २: दरीचा तळ कुठे आहे ते बघा

सगळे ज्ञात आयसोटोप आडव्या अक्षावर न्यूट्रॉन आणि उभ्यावर प्रोटॉन घेऊन मांडले की स्थिर मंडळींची एक बारीक पट्टी दिसते, तिला स्थिरतेची दरी म्हणतात. सुरुवातीला ती एकास एक जाते, पण कॅल्शियम-४० नंतर असा एकही स्थिर आयसोटोप नाही ज्यात दोन्ही समसमान आहेत. लोखंड-५६ ला २६ प्रोटॉनमागे ३० न्यूट्रॉन लागतात, शिसं-२०८ ला ८२ मागे १२६.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, पुढे सहाव्या पायरीला पुन्हा लागणार आहे. गाभ्यात दोन बलं आहेत. एक केंद्रकीय बल, प्रचंड ताकदीचं पण हात आखूड, फक्त चिकटून बसलेल्या शेजाऱ्यापर्यंतच पोचतं. दुसरं प्रोटॉन-प्रोटॉनमधलं विद्युत प्रतिकर्षण, त्यामानाने दुबळं पण लांब पल्ल्याचं, प्रत्येक प्रोटॉन बाकीच्या प्रत्येक प्रोटॉनला ढकलतो. भरलेल्या मैदानात हात मिळवायला फक्त बाजूची चार माणसं मिळतात पण ओरडलं की सगळ्या मैदानाला ऐकू जातं, तसं. कॅल्शियममध्ये २० प्रोटॉन, ढकलाढकलीच्या जोड्या १९०. युरेनियममध्ये ९२ प्रोटॉन आणि जोड्या ४,१८६. प्रोटॉन साडेचार पट झाले, भांडणं बावीस पट. न्यूट्रॉन चिकटवतो पण ढकलत नाही, म्हणून मोठ्या गाभ्यात तेच जास्त भरावे लागतात.

मग न्यूट्रॉनच न्यूट्रॉन का नाही भरायचे? कारण प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोघांच्याही आपापल्या ऊर्जेच्या पायऱ्या असतात आणि एका पायरीवर ठराविकच बसतात, याला पाउलीचा नियम म्हणतात. खालच्या पायऱ्या भरल्या की पुढचा न्यूट्रॉन वर, जास्त ऊर्जेला बसवावा लागतो, आणि प्रोटॉनच्या बाजूला खालची जागा मोकळी असेल तर त्याने प्रोटॉन होऊन तिकडे उतरणं फायद्याचं ठरतं. यालाच बीटा मायनस डिके म्हणतात.

दरीचा तळ काढायला एक कामचलाऊ सूत्र आहे. वस्तुमानांकाचं घनमूळ काढा, त्याचा वर्ग करा, ०.०१५५ ने गुणा, त्यात १.९८ मिळवा, आणि आलेल्या आकड्याने वस्तुमानांकाला भागा. उत्तर म्हणजे त्या वजनाला सगळ्यात सोयीचा अणुअंक. आयोडीन-१३१ वर करून बघा: घनमूळ ५.०८, वर्ग २५.८, गुणून ०.४०, मिळवून २.३८, भागून ५५. आयोडीन आहे ५३ वर, म्हणजे प्रोटॉन कमी, न्यूट्रॉन जास्त, म्हणजे बीटा मायनस होणार. होतोच, ८ दिवसांच्या हाफ लाइफने, आणि थांबतो झेनॉन-१३१ वर, म्हणजे ५४ वर. सूत्राने एकाने चकवलं, ते चालतं, एखाद्या आकड्याचा फरक धरूनच चाला. दिशा कळली की काम झालं: तुमचा अणुअंक उत्तरापेक्षा कमी तर बीटा मायनस, जास्त तर बीटा प्लस (प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि पॉझिट्रॉन, म्हणजे धन प्रभाराचा इलेक्ट्रॉन, बाहेर पडतो) किंवा इलेक्ट्रॉन कॅप्चर (गाभा अणूतलाच एक इलेक्ट्रॉन गिळतो आणि प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो).

पायरी ३: सम की विषम

आता कोबाल्ट-६० घ्या. सूत्रात घातलं की येतं २७.०६. कोबाल्ट २७ वरच आहे, म्हणजे हा तर दरीच्या अगदी तळाशी, एकदम स्टेबल असायला हवा. आणि हाच कोबाल्ट-६० जगभर कॅन्सरच्या रेडिएशनला आणि मालावर गॅमा किरण मारायला वापरतात, हाफ लाइफ ५.२७ वर्षं. गडबड कुठे झाली?

गडबड जोड्यांची. गाभ्यात प्रोटॉन प्रोटॉनशी आणि न्यूट्रॉन न्यूट्रॉनशी जोडी करून बसले की थोडी जास्तीची बांधणी मिळते. २७ प्रोटॉन विषम, ३३ न्यूट्रॉनही विषम, म्हणजे दोन्हीकडे एकेक जण बिनजोडीचा. एक न्यूट्रॉन प्रोटॉन झाला की २८ आणि ३२, दोन्ही सम, सगळ्यांच्या जोड्या लागल्या. तो झाला निकेल-६०. वजन बघा (अणुवस्तुमान एककात, असं एक एकक म्हणजे ९३१.५ एमईव्ही): कोबाल्ट-६० चं ५९.९३३८, निकेल-६० चं ५९.९३०८. फरकाला ९३१.५ ने गुणा, साधारण २.८ एमईव्ही फायदा. फायदा आहे म्हटल्यावर होणार.

स्थिर म्हणून गणले जाणारे आयसोटोप सगळे मिळून २५० च्या आसपास आहेत, त्यातले दीडशेच्या जवळपास सम-सम. एक सम एक विषम असे शंभरेक. आणि विषम-विषम? ड्युटेरियम, लिथियम-६, बोरॉन-१०, नायट्रोजन-१४, आणि एक चमत्कारिक टँटलम-१८०एम (एम म्हणजे गाभ्याची टिकून राहणारी उत्तेजित अवस्था). बस्स. म्हणून विषम-विषम दिसलं आणि वस्तुमानांक १४ च्या वर असला की डोळे मिटून अनस्टेबल लिहा, चुकणार नाही (टँटलम तुम्हाला परीक्षेत कोणी विचारत नाही). पहिले चार का सुटले? इतक्या छोट्या गाभ्यात एक न्यूट्रॉन इकडचा तिकडे झाला तरी समतोल फार बिघडतो, त्याचा तोटा जोडीच्या फायद्यापेक्षा मोठा असतो.

फ्लोरीन-१८ चा उलगडाही इथेच होतो. ९ आणि ९, गुणोत्तर एक, पण दोन्ही विषम. प्रोटॉनचा न्यूट्रॉन करून ऑक्सिजन-१८ होतो आणि पॉझिट्रॉन सोडतो, पेट स्कॅनमध्ये दिसतो तो त्याच पॉझिट्रॉनचा परिणाम.

पायरी ४: समान वस्तुमानांकाचे शेजारी तराजूत घाला

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि क्लासमध्ये सगळ्यात कमी वेळ मिळणारी. आधीच्या दोन पायऱ्या अंदाज आहेत, ही प्रत्यक्ष मोजणी. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा लाइव्ह चार्ट किंवा अमेरिकेतल्या ब्रुकहेवनचं न्यूडॅट उघडा, दोन्ही फुकट आहेत, मोबाईलवर चालतात, स्थिर अणूंचे चौकोन काळे असतात. कुठल्याही चौकोनावर टॅप केलं की वस्तुमान आणि हाफ लाइफ मिळते. आपला अणू आणि त्याच वस्तुमानांकाचे दोन्ही बाजूचे शेजारी, असे तीन आकडे लिहून घ्या.

४० वस्तुमानांकाचे तिघं:
आर्गॉन-४०: ३९.९६२३८३
पोटॅशियम-४०: ३९.९६३९९८
कॅल्शियम-४०: ३९.९६२५९१

मधला पोटॅशियम दोघांपेक्षा जड. म्हणजे त्याला दोन्हीकडे उतार आहे, कॅल्शियमकडे १.३१ एमईव्हीचा, आर्गॉनकडे १.५० चा, आणि तो खरंच दोन्हीकडे जातो, शंभरातले ८९ च्या आसपास कॅल्शियमकडे बीटा मायनसने, उरलेले आर्गॉनकडे, मुख्यतः इलेक्ट्रॉन कॅप्चरने. गंमत म्हणजे जिकडे उतार जास्त तिकडे जाणारे कमी, म्हणजे वाट आणि वेग या वेगळ्या गोष्टी आहेत हे इथेही दिसतं. हवेत जो जवळपास एक टक्का आर्गॉन आहे तो जवळजवळ सगळा या पोटॅशियममधूनच, कोट्यवधी वर्षांत खडकांतून बाहेर आलेला. सह्याद्रीच्या बेसाल्टचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं म्हणतात त्यामागेही खडकात साठलेल्या याच आर्गॉनचा हिशेब आहे. आणि हो, सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सेकंदाला चार हजारांवर पोटॅशियम-४० चे अणू फुटत असतात, त्यामुळे केळ्यात रेडिएशन असतं असा फॉरवर्ड आला की घाबरू नका, आपण केळ्यापेक्षा जास्त सोडतो.

एक तांत्रिक सूचना, तक्त्यातली वस्तुमानं इलेक्ट्रॉनसकट अख्ख्या अणूची असतात. बीटा मायनस आणि इलेक्ट्रॉन कॅप्चरला ती थेट वजा केली तरी चालतं, पण पॉझिट्रॉन बाहेर पडायचा असेल तर फरक किमान १.०२२ एमईव्ही हवा, नाहीतर फक्त इलेक्ट्रॉन कॅप्चरच शक्य.

या तराजूतून एक नियमही निघतो, ऑस्ट्रियाच्या जोसेफ माटाउखने १९३४ मध्ये मांडलेला: समान वस्तुमानांकाचे लागून असलेले दोन शेजारी एकाच वेळी दोघंही स्थिर असू शकत नाहीत. असणार कसे, दोघांतला एक तर जड असणारच. टेक्नेशियम, अणुअंक ४३, याचा एकही स्थिर आयसोटोप का नाही याचं उत्तर हेच. त्याच्या बाजूचे मॉलिब्डेनम ४२ आणि रुथेनियम ४४, दोघं सम अणुअंकाचे. ९५ आणि ९७ च्या जागा मॉलिब्डेनमने धरल्या, ९९ आणि १०१ च्या रुथेनियमने, आणि सम वस्तुमानांकाला टेक्नेशियम विषम-विषम होतो, म्हणजे तिथेही बाद. बिचाऱ्याला जागाच उरली नाही. १९३७ मध्ये पालेर्मोला पेरिये आणि सेग्रे यांना तो सापडला तोही बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. ६१ वरच्या प्रोमेथियमचीही हीच गत.

पायरी ५: जादुई आकडे

२, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन यातल्या एखाद्या आकड्याएवढे असले की कवच पूर्ण भरतं आणि बांधणी जरा जास्त घट्ट होते. कथलाचा अणुअंक ५०, त्याचे स्थिर आयसोटोप दहा, इतके कुठल्याच मूलद्रव्याचे नाहीत. हे आकडे असेच का येतात याचं स्पष्टीकरण मारिया गेपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी दिलं, १९६३ चं नोबेल त्याबद्दल.

पण यावर फार जीव टाकू नका. कथिल-१३२ मध्ये ५० आणि ८२, दुहेरी जादू, तरी हाफ लाइफ ४० सेकंद. निकेल-५६ मध्ये २८ आणि २८, सहा दिवस. जादूमुळे बांधणी थोडी वाढते, पण दरीपासून लांब असलात तर ती पुरत नाही.

पायरी ६: शिशाच्या पुढे गेलात तर

अणुअंक ८२ च्या वर एकही स्थिर आयसोटोप नाही. इथे ती बावीस पट भांडणं अंगाशी येतात. मोठा गाभा आपला भार हलका करायला दोन प्रोटॉन दोन न्यूट्रॉनची गाठोडी बाहेर टाकतो, हा अल्फा डिके. एकेकटा प्रोटॉन का नाही टाकत? कारण हेलियम-४ चं गाठोडं स्वतःच २८.३ एमईव्हीने बांधलेलं आहे, ते आयतं मिळत असल्याने हिशेब फायद्यात येतो, सुटा प्रोटॉन काढायला उलट पदरचे घालावे लागतात.

बिस्मथ-२०९, अणुअंक ८३, कित्येक वर्षं शेवटचा स्थिर म्हणून पुस्तकांत होता आणि जुन्या गाइडमध्ये अजून असेल. २००३ मध्ये फ्रान्समध्ये ऑर्सेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अल्फा डिके पकडला. हाफ लाइफ सुमारे १.९ गुणिले १० चा १९ वा घात वर्षं, विश्वाच्या वयाच्या अब्जाहून जास्त पट. व्यवहारात काही फरक पडत नाही, पण तक्त्यातल्या काळ्या चौकोनाचा अर्थ कळतो: आजवर कोणी फुटताना पाहिला नाही, एवढाच. वजनाच्या हिशेबाने तर शिसं-२०८ लाही अल्फा सोडायची परवानगी आहे, पण तसं झालेलं अजून कोणाला दिसलेलं नाही.

पायरी ७: परवानगी आहे, पण किती वेळ?

अल्फासाठी उत्तर जवळपास पूर्ण ऊर्जेवर आहे. थोरियम-२३२ चा अल्फा ४ एमईव्हीचा, हाफ लाइफ १,४०० कोटी वर्षं. पोलोनियम-२१२ चा ८.८ एमईव्हीचा, हाफ लाइफ सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट. ऊर्जा दुपटीहून थोडी जास्त आणि वेळ १० च्या २४ व्या घाताएवढा कमी! अल्फाला बाहेर पडताना विद्युत बलाची भिंत लागते, तिच्यावरून उडी मारण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे नसते, तो आरपार झिरपतो, आणि ऊर्जा जरा वाढली की भिंत पातळ होत जाते. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमोने १९२८ मध्ये हे गणित मांडलं.

बीटासाठी ऊर्जेबरोबर स्पिनही (गाभ्याचा कोनीय संवेग) बघायचा. पोटॅशियम-४० चा स्पिन ४, कॅल्शियम-४० चा शून्य. एवढी मोठी उडी एका फटक्यात मारणं अवघड, म्हणून १.३ एमईव्हीचा उतार असूनही हाफ लाइफ १२५ कोटी वर्षं. मघाचा टँटलम-१८०एम याच कारणाने अडकून बसलाय, त्याचा स्पिन ९. आणि कहर म्हणजे टँटलम-१८० ची खालची, साधी अवस्था आठ तासांत निम्मी होते, वरची उत्तेजित अवस्था मात्र फुटताना कोणी पाहिलेली नाही. 

नवीन लोक इथे अडखळतात

अणू म्हातारा होत नाही. कोबाल्ट-६० चा अणू काल तयार झालेला असो की वीस वर्षं जुना, पुढच्या वर्षात फुटायची शक्यता तेवढीच. दोन हाफ लाइफ झाल्या की सगळं संपतं असंही नाही, पाव उरतं.

तापवून, गोठवून, आम्लात टाकून हाफ लाइफ बदलत नाही, हे सर्वसाधारणपणे खरं. पण शंभर टक्के नाही. डिस्प्रोसियम-१६३ एरवी स्थिर आहे, जर्मनीत १९९२ मध्ये त्याचे सगळेच्या सगळे इलेक्ट्रॉन काढून ठेवले तर ४७ दिवसांच्या हाफ लाइफने फुटायला लागला, कारण इलेक्ट्रॉन गेल्यावर तराजूतली वजनं बदलली. पुन्हा तोच वजनाचा हिशेब.

आणि लासलगाव. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं कृषक नावाचं केंद्र आहे, तिथे कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देतात, २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला हापूसही तिथून गेला होता. मग कांदा रेडिओॲक्टिव्ह होतो का? नाही. स्थिर अणूला अस्थिर करायचं तर गाभ्यातून काहीतरी उपटावं लागेल, आणि एक न्यूट्रॉन उपटायला बहुतेक अणूंत ८ एमईव्हीच्या आसपास लागतात, सगळ्यात सैल बसलेल्या बेरिलियमलाही १.६७. कोबाल्टचे गॅमा १.१७ आणि १.३३ चे. ते कोंबाच्या पेशी मारतात, गाभ्याला धक्का लावू शकत नाहीत.

आता सरावाला तीन घ्या, आधी स्वतः करा मग खाली वाचा: सोडियम-२४, स्ट्रॉन्शियम-९०, बेरिलियम-८.

सोडियम-२४: ११ आणि १३, विषम-विषम, तिसऱ्या पायरीतच बाद. बीटा मायनसने मॅग्नेशियम-२४, हाफ लाइफ १५ तास.

स्ट्रॉन्शियम-९०: ३८ आणि ५२, सम-सम, म्हणून पुष्कळ जण स्थिर लिहितात. सूत्र ३९.३ देतं, म्हणजे हा न्यूट्रॉनच्या बाजूला आहे. आधी यिट्रियम-९० (विषम-विषम, तो तीन दिवसही धड टिकत नाही), मग झिर्कोनियम-९०, तिथे थांबला. स्ट्रॉन्शियमची हाफ लाइफ सुमारे २९ वर्षं.

बेरिलियम-८: ४ आणि ४, सम-सम, एकास एक, सूत्रातही बसतो, शेजारचे लिथियम-८ आणि बोरॉन-८ दोघंही याच्यापेक्षा जड. चारही पायऱ्या पास! तरी सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही कोट्यंश वेळात फुटतो. कारण आपण तराजूत शेजारी घातले, तुकडे घातले नाहीत. दोन हेलियम-४ चं वजन ८.००५२०६, बेरिलियम-८ चं ८.००५३०५. फरक फक्त ०.०९ एमईव्हीचा, पण मधे भिंत अगदीच लहान, त्यामुळे तेवढाही पुरतो.